अंथरूण पाहून

घरातील कपाटावर किंवा भिंतीवर शिंगांसारख्या अँटेना असलेली एक लहानशी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावरचे दिवे रात्रंदिवस लुकलुकत असतात. या पेटीला राउटर म्हणतात. घरातील संगणक व मोबाइल आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसून निरोपांची ने-आण करणे, हे तिचे काम. दिसायला ती साधी. परंतु तिच्या पोटात एक संपूर्ण संगणक असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या संगणकाचा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. तिचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. जुन्या वाड्यात कोठीच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असत. कोणाला किती शिधा द्यायचा, हे तो ठरवी. कर्नेलच्या हाती अशाच किल्ल्या असतात. मात्र त्याच्या कोठीत धान्य नसून स्मृती असते. धान्य जसे मापट्याने मोजतात, तशी तो स्मृती बहुधा ४ किलोबाइटच्या मापाने देतो. या मापाला ‘पान’ असे नाव आहे.

ही कोठी केवढी असते? २००२ साली लिंक्सिस कंपनीने ‘डब्ल्यूआरटी५४जी’ नावाचा राउटर विक्रीस आणला. पुढे तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या काही आवृत्त्यांत चालू कामासाठी १६ मेगाबाइट रॅम आणि आज्ञावली कायम साठवण्यासाठी ४ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. आजच्या मोबाइलने काढलेली चार-पाच छायाचित्रेही १६ मेगाबाइट भरून टाकतील! या राउटरमध्ये लिनक्स कर्नेल होता. त्याच्या हाती सारी मिळून ४,०९६ पाने. त्यांतच त्याचा स्वतःचाही मुक्काम. मोठ्या संगणकात रॅम अपुरी पडली, तर काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवता येतो. राउटरला अशी डिस्क बहुधा नसतेच. जे काही भागवायचे, ते त्या कोठीतच.

आता त्याची चतुराई पाहा. घरातील कोणत्या यंत्राने बाहेर कोणाशी बोलणे आरंभले, याची नोंद कर्नेलला एका तक्त्यात ठेवावी लागते. ती नसेल, तर बाहेरून आलेले उत्तर कोणाच्या हाती द्यावे, हे त्याला कळणार नाही. एक नोंद काहीशे बाइटांचीच. पण नोंदी वाढतच गेल्या तर? लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत मूळ नियम असा होता, की दर १६ किलोबाइट स्मृतीमागे एकच नोंद. या हिशेबाने १६ मेगाबाइटांत १,०२४ नोंदी. तक्ता भरला, की कर्नेल नवे बोलणे आत घेत नाही. मात्र आधीची बोलणी चालू ठेवतो. नव्या आलेल्याला हे कठोर वाटेल. परंतु सर्वांनाच आत घेतले असते, तर कोठी रिकामी होऊन आतले आणि बाहेरचे, दोघांचेही काम बुडाले असते. एवढे करूनही स्मृती संपलीच, तर कर्नेल बहुधा सर्वांत जास्त जागा अडवून बसलेले एखादे काम थांबवतो आणि उरलेली वाचवतो.

२००५ साली या राउटरवर कठीण प्रसंग आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत स्मृती निम्म्यावर आणली गेली : ८ मेगाबाइट रॅम आणि २ मेगाबाइट फ्लॅश. लिनक्स काढून कमी जागेत भागणारी ‘व्हीएक्सवर्क्स’ ही प्रणाली आत बसवण्यात आली. लिनक्सवर प्रेम करणारे नाराज झाले. त्यांच्यासाठी कंपनीने पूर्वीइतकीच स्मृती असलेला वेगळा राउटर त्याच वर्षी काढला. परंतु काही हौशी तंत्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. आवश्यक तेवढे ठेवून आणि बाकीचे वगळून त्यांनी लिनक्सचे इतके आटोपशीर रूप सिद्ध केले, की ते त्या २ मेगाबाइटांतही मावले!

तथापि काटकसरीलाही सीमा असते. वर्षे लोटली, तसा लिनक्स वाढत गेला. जुन्या राउटरांना नवे जीवन देणाऱ्या ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या प्रकल्पालाही अखेर ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या पेट्यांची साथ सोडावी लागली. २०२० साली आलेली १९.०७ ही मालिका त्यांच्यासाठी शेवटची ठरली. पेटी धडधाकट, दिवे लुकलुकत आहेत. पण सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कारभारी कितीही चतुर असला, तरी कोठीत नसलेले धान्य तो कोठून देणार? म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यानेही जागा जपून वापरली पाहिजे. त्याने वाचवलेल्या प्रत्येक पानाने एखादी जुनी पेटी आणखी काही वर्षे कामास येते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वडीलधारे सांगतात. कपाटावरची ती इवलीशी पेटी हा धडा दिवसरात्र आचरणात आणीत असते.

स्वाध्याय

१. कर्नेलला कारभारी का म्हटले आहे?
२. नोंदींचा तक्ता भरल्यावर कर्नेल काय करतो? ते योग्य आहे, असे तुम्हांस वाटते का? कारणे द्या.
३. हौशी तंत्रज्ञांनी २ मेगाबाइटांची अडचण कशी दूर केली?
४. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तुमच्या घरातील एका प्रसंगाला लावून पाच-सहा ओळी लिहा.