घरकुलाचा माल कुठून घ्यायचा : गावचं हार्डवेअर की शहरातलं मोठं दुकान?

मैत्रिणींनो, या महिन्याचा अभ्यासाचा विषय सिमेंट, सळई, पाइप आणि खिळे-स्क्रूंचा आहे. हा पुरुषांचा विषय असं वाटत असेल तर आधी घरकुलाच्या मंजुरीपत्रावरचं नाव बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असा नियम आहे. सपाट भागात 1,20,000 रुपये आणि डोंगरी भागात 1,30,000 रुपये केंद्राच्या योजनेतून टप्प्याटप्प्याने खात्यात येतात. खातं आपलं, सही आपली. पण दुकानात गेल्यावर शेठ बोलतो गवंड्याशी, आणि बिल येतं आपल्या हातात. काही वेळा तर तेही येत नाही.

बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. गावातल्या दुकानात भाव जास्त लावतात, मग तालुक्याला किंवा जिल्ह्याला मोठ्या दुकानातून आणलं तर परवडेल का? याचं उत्तर मालागणिक वेगळं आहे. म्हणून एकेक माल घेऊन बघू.

आधी सिमेंट. एक गोणी 50 किलोची. समजा पायासाठी 20 गोण्या लागणार आहेत. गावात रोखीचा भाव 380, उधारीचा 400 आणि शहरात 360 आहे असं धरू. (आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या भागातले आजचे भाव टाकून हेच गणित पुन्हा करा.) शहरात 20 गोण्यांचे 7,200 झाले. पण 20 गोण्या म्हणजे एक टन वजन, ते छोट्या हत्तीत नीट बसत नाही, पिकअप करावी लागते. भाडं 1,200 आणि चढवा-उतरवायची हमाली 200 धरली तर माल घरी पडला 8,600 ला. गावचा दुकानदार आपल्या गाडीतून दारात टाकून देतो, रोखीने 7,600, उधारीने 8,000. म्हणजे गोणीमागे 20 रुपये वाचवायला गेलो आणि एक हजार वर गेले.

सिमेंटची दुसरी गोष्ट अशी की ते साठवून ठेवायचा माल नाही. हवेतला ओलावा लागला की त्याची ताकद उतरते. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते असं धरतात. गोणीवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या महिन्यात आणि वर्षी माल भरला ते छापलेलं असतं. तेवढं वाचल्याशिवाय गोणी उतरवून घ्यायची नाही. गोणीत हात घातला की थंड लागलं पाहिजे, आणि चिमटीत धरल्यावर मऊ पिठासारखं. गोळे असतील आणि ते बोटांनी फुटत नसतील तर ती गोणी परत. मोठ्या दुकानात स्वस्तातली 'ऑफर' असते तेव्हा ही तारीख आणखी बारकाईने बघा, कारण जुना माल असाच काढतात. गावातल्या दुकानातही कोपऱ्यातली खालची थप्पी विचारून घ्या. पाया, लिंटेल, स्लॅब असं काम पुढे सरकेल तसं सिमेंट आणायचं, त्यामुळे जवळचं दुकान इथे बहुतेक वेळा जिंकतं.

आता उधारीचं. वरच्या हिशोबात उधारीने 400 रुपये जास्त गेले. तेच 7,600 गटातून महिना 1 टक्का व्याजाने घेऊन रोखीने माल घेतला आणि दोन महिन्यांनी, पुढचा हप्ता आला तेव्हा फेडले, तर व्याज 152 रुपये. 248 वाचले. तुमच्या गटाचा दर 2 टक्के असेल तर व्याज 304, तरी 96 वाचतात. पण हप्ता लांबला आणि सहा महिने एकरकमी फेड झाली नाही, तर 1 टक्क्यानेही 456 होतात, म्हणजे उधारीपेक्षा जास्त. अर्थात सहा महिने थांबणारा दुकानदार मिळाला तरच ही तुलना. तेव्हा हप्ता कधी येईल याचा अंदाज ग्रामसेवकाकडून घेऊन मग ठरवा. आणि उधारी केलीच, तर दुकानदाराच्या वहीसोबत आपलीही वही हवी. तारीख, माल, नग, भाव, आणि दुकानदाराची सही. त्याला राग येईल असं वाटतं, पण चांगल्या दुकानदाराला येत नाही.

सळईचं गणित सिमेंटच्या उलट आहे. ती खराब व्हायला वेळ लागतो, वजन भरपूर असतं आणि पैसेही त्यात सर्वांत जास्त अडकतात. इथे फसवणूकही वजनात होते. सळईची प्रमाण लांबी 12 मीटर, म्हणजे साधारण 40 फूट. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 8 मिमीची एक सळई 4.74 किलो, 10 मिमीची 7.4 किलो, 12 मिमीची 10.66 किलो. हे तीन आकडे या पानावरून वहीत उतरवून घ्या. मानकात थोडा कमी-जास्त फरक चालतो, एकूण मालात 10 मिमीपर्यंत 7 टक्के आणि 12 व 16 मिमीला 5 टक्के. त्यापेक्षा हलकी निघाली तर ती सळई नावाला 10 ची आहे. स्लॅब तिच्या भरवशावर टाकायचा आहे हे विसरू नका.

नगावर भाव सांगितला तर घ्यायचं नाही, किलोचा भाव मागायचा. गाडी भरल्यावर वजनकाट्यावर न्यायची, रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, काट्याची पावती घ्यायची. सळईवर ठरावीक अंतराने कंपनीचं नाव आणि आयएसआयची खूण उठवलेली असते. सळईसाठी मानक आयएस 1786. मोठ्या दुकानात काटा आणि पक्कं बिल मिळण्याची शक्यता जास्त असते, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

आणि सळईतच आपल्याला एकत्र खरेदीचा फायदा आहे. एका गावात पाच घरकुलांचे स्लॅब एका महिन्यात येणार असतील आणि प्रत्येकीला 500 किलो लागणार असेल, तर अडीच टन झाले. घाऊक विक्रेत्याने किलोमागे 4 रुपये कमी केले तर 10,000 वाचतात. ट्रकचे 3,500 गेले तरी 6,500 उरतात, घरामागे 1,300. एकटीने शहरात जाऊन हे होत नाही. फक्त बिल प्रत्येकीच्या नावाने वेगळं करून घ्या. ग्रामसंघाच्या नावाने एकच बिल करून पुढे वाटलं तर उद्या तक्रार करताना 'तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी आहात' असं म्हणायला जागा मिळते.

एकत्र खरेदी ही काही आपलीच युक्ती नाही. अमेरिकेत 1924 मध्ये शिकागोच्या काही हार्डवेअर दुकानदारांनी मिळून माल घेण्यासाठी एस हार्डवेअर सुरू केलं. एकेकट्या छोट्या दुकानाला घाऊक भाव मिळत नव्हता, म्हणून. 1970 च्या दशकात ती कंपनी दुकानदारांच्याच मालकीची झाली. पुढे होम डेपोसारख्या, मैदानाएवढ्या दुकानांच्या साखळ्या आल्या (होम डेपोची पहिली दुकानं 1979 मध्ये अटलांटात उघडली), तरी एसची दुकानं टिकली, आज पाच हजारांहून जास्त आहेत. गिऱ्हाईक तिथे एका वॉशरसाठी जातं आणि 'हा नळ का गळतोय' हे विचारून येतं.

तसं आपल्या गावच्या दुकानातही आहे. आठ स्क्रू हवे असतील तर आठच मिळतात. मोठ्या दुकानात पन्नासचं पाकीट घ्यावं लागतं आणि उरलेले डब्यात गंजतात. पाऊण मीटर पाइप कापून मिळतो. जुना नळ काढून नेला तर दुकानदार बघून सांगतो, अर्ध्या इंचाचा आहे की पाऊण. चुकीचा निघाला तर संध्याकाळी बदलून देतो. या सोयीची किंमत छापील भावात दिसत नाही, पण एस.टी.चं भाडं आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी मोजली की दिसते.

मोठ्या दुकानात जायचं ते टाइल्स, संडासाचं भांडं, दरवाजे, पंखे अशा वस्तूंसाठी. दहा प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात, भाव लिहिलेले असतात, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. बाईमाणसाला हे बरं वाटतं आणि त्यात काही गैर नाही. मात्र '40 टक्के सूट' या पाटीला भुलू नका. पाइप, वायर, नळ यांच्या छापील किमतीत सूट द्यायला आधीच भरपूर जागा ठेवलेली असते. गावचा दुकानदारही त्यातून कमी करतो, फक्त पाटी लावत नाही. म्हणून सूट किती हे विचारायचंच नाही, हातात पडणारा शेवटचा भाव विचारायचा आणि त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या वस्तूचा भाव दोन ठिकाणी लिहून घ्यायचा. खुणा बघायच्याच : पाण्याच्या पीव्हीसी पाइपला आयएस 4985, टाकीला आयएस 12701, घरातल्या वायरला आयएस 694. वायरमध्ये पैसे वाचवू नका. बाकी कशातही वाचवा.

गवंड्याचं किंवा प्लंबरचं 'त्याच दुकानातून आणा' हे ऐकताना थोडं सावध असावं. काही दुकानं कारागिराला टक्का देतात, आणि रंगाच्या डब्यात तर कारागिरासाठी टोकन निघतं, हे उघड गुपित आहे. कारागीर वाईट असतो असं नाही, त्याला मालाची पारखही असते. दर्जा त्याच्याकडून समजून घ्या, दुकान तुम्ही ठरवा.

आता बिल. 'पक्कं बिल हवं तर 18 टक्के जास्त पडतील' हे वाक्य लहान आणि मोठ्या दोन्ही दुकानांत ऐकू येतं. पॅकबंद मालावरची छापील किंमत सगळे कर धरूनच असते, त्याच्यावर वेगळा कर लावता येत नाही. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ भाव 300 असेल तर आधी 384 पडत होते, आता 354 पडायला हवेत. जुना भाव सांगणाऱ्याला एवढं विचारायला हरकत नाही. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला की टाकीची वॉरंटी गेली आणि तक्रारीचा पुरावाही गेला.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. आधी दुकानदाराशी बोला, गावातला माणूस आहे, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही बोलता येतं. वजन-मापाची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

बैठकीत करायचं काम : पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातलं हार्डवेअरचं एक बिल किंवा चिठ्ठी आणायची. त्यावर दुकानाचं नाव, बिल नंबर, तारीख, वजन आणि कर दिसतो का ते सीआरपी ताईंसोबत बघायचं. ज्यांचं घरकुल चालू आहे त्यांनी कोणता टप्पा कोणत्या महिन्यात येणार ते फळ्यावर लिहायचं. सळईची एकत्र खरेदी जमणाऱ्या तिघी-चौघी निघाल्या तर दोघींनी जाऊन तीन दुकानांचे किलोचे भाव लेखी आणायचे, एक गावातलं दुकान त्यात धरून.