खाऱ्या पाण्यातले एक-कार्बनी खवय्ये

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडी वेचतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात कार्बन आहे, पण त्यावर कुणाचं पोट भरत नाही. कारण तो आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेला, जणू चुलीतली राख! मिथेन, मिथेनॉल, मिथिलअमाईन यांतही कार्बनचा अणू एकच, पण तो अजून 'जळायचा' आहे. अशा संयुगांवर जगणारे जिवाणू म्हणजे मिथायलोट्रॉफ.

आपल्या येरमाळ्यासारख्याच बेसाल्ट खडकावर, बुलढाणा जिल्ह्यात, उल्काघातानं झालेलं लोणार सरोवर आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी, पाणी खारट आणि सोड्यामुळे तीव्र अल्कधर्मी. तिथल्या गाळात हे जिवाणू राहतात.

मिठाशी सामना कसा?

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. खाऱ्या पाण्यात पेशीचंही तेच व्हायचं. म्हणून अनेक सूक्ष्मजीव पेशीत ग्लायसीन बीटेनसारखे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. ते मेले की बीटेन गाळात येतं. तिथं ऑक्सिजन नसल्यास काही जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाईन करतात. (सडक्या माशाचा वास तो हाच!) काही आर्किया त्यापासून मिथेन बनवतात. हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट सल्फेटवाले जिवाणू पळवतात, पण या मालाला दुसरं गिऱ्हाईक फारसं नसतं. वरच्या थरात ऑक्सिजन मिळाला की मिथायलोट्रॉफ मिथेन फस्त करतात. थोडक्यात, एकाचं मिठाविरुद्धचं कवच हेच दुसऱ्याचं जेवण.

हे कळलं कसं?

गाळाला जड कार्बन-१३ असलेला मिथेन, मिथेनॉल, मिथिलअमाईन द्यायचं. जो खाईल त्याचा डीएनए जड होतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळा करता येतो. पुण्याच्या एनसीसीएसचे योगेश शौचे यांचा सहभाग असलेलं हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये लोणारच्या एका नव्या जातीला नाव मिळालं, मिथायलोफॅगा लोणारेन्सिस.

आपल्याला काय त्याचं?

मीठ जास्त असलेल्या सांडपाण्यात प्रक्रिया प्रकल्पातले नेहमीचे जिवाणू मान टाकतात. तिथं असे जिवाणू उपयोगी पडू शकतात. पण लोणारमध्ये गोडं पाणी आणि सांडपाणी मिसळत राहिलं, तर खारटपणावर उभी असलेली ही साखळीच तुटेल. २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. जपायचं आहे ते नुसतं विवर नाही, त्यातलं मीठही!