शनिवारची फायनल आणि सातव्या दिवसाचा मान्ना

आजचा पाठ: निर्गम, अध्याय १६, वचने २२ ते ३०



आजचा पाठ छोटा आहे, दोन मिनिटांत वाचून होतो. आधी तो वाचा, मग पुढे या.

रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळायचा. ज्याला जेवढा लागेल तेवढाच गोळा करायचा. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे. अपवाद फक्त सहाव्या दिवसाचा. त्या दिवशी माणशी दुप्पट, म्हणजे दोन ओमर मिळायचा आणि तो दुसऱ्या दिवशीही अगदी चांगला राहायचा. सातव्या दिवशी शब्बाथ आहे, बाहेर काही मिळणार नाही, हे मोशेनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तरीही काही जण सकाळी टोपल्या घेऊन गेलेच. आणि रिकाम्या हातानं परत आले.

आता बघा, ही माणसं उपाशी नव्हती. घरात कालचा वाटा होता. मग का गेली? मला वाटतं, ‘आपलं काही सुटायला नको’ म्हणून. हे मला फार ओळखीचं वाटतं, कारण एका शनिवारी मीही असाच बाहेर पडलो होतो.

२ एप्रिल २०११. तारीख वाचूनच तुम्हाला कळलं असेल. वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध श्रीलंका. आणि वार शनिवार.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. घरी आम्ही सगळे क्रिकेटवेडे, पण आजोबांची गोष्टच वेगळी. सचिन खेळायला आला की ते चहाचा कप हातात धरून बसायचे, प्यायचे नाहीत. चहा गार झाला की आजी ओरडायची. बुधवारची मोहालीची सेमी-फायनल आम्ही दोघांनी एकाच सोफ्यावर बसून बघितली. सचिनचे कॅच सुटत होते आणि प्रत्येक वेळी आजोबा माझा गुडघा घट्ट पकडत होते. मॅच संपल्यावर ते म्हणाले, “फायनल शनिवारी आहे. काही हरकत नाही. हवदाला झाला की टीव्ही लावू, आपली बॅटिंग नंतर आली तर सगळी मिळेल.”

आजोबा कडक नव्हते. नोकरीत असताना ते स्वतः कित्येक शनिवार कामावर गेले होते. आमच्यातल्या अनेकांना पोटापाण्यासाठी जावं लागतं, ते त्याबद्दल कोणाला बोलायचे नाहीत. पण रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आता हा दिवस पूर्ण पाळायचा. टीव्ही नाही, रेडिओ नाही.

मला मात्र निम्मी मॅच नको होती. मी शुक्रवारी दुपारीच सांगून टाकलं, “सबमिशन आहे, हॉस्टेलवर राहतोय.” आणि गेलो मित्राच्या घरी.

पहिल्या बॉलपासून सगळं बघितलं. जयवर्धनेची नाबाद १०३, श्रीलंकेच्या २७४. आपली बॅटिंग आली, सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला. मग सचिन १८ वर. खोलीत कोणी बोलेना. आणि मला एकदम आठवलं, आजोबांनी टीव्ही आत्ताच कुठे लावला असेल, नाहीतर लावतच असतील. फोन हातात होता, पण करणार कसा? मी तर सबमिशन लिहीत होतो ना!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गंभीर ९७, धोनी नाबाद ९१, तो सिक्स. ठाण्याच्या रस्त्यांवर नुसता जल्लोष. राहवेना म्हणून मी मध्यरात्रीनंतर घरी गेलो. आजोबा जागे होते. टेबलावर पोह्यांच्या दोन बशा होत्या, एक रिकामी, एक झाकलेली.

“लिहून झालं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळी मॅच सांगायला घेतली. सचिन कसा गेला, गंभीर कसा धुळीत सूर मारत होता, धोनी आधी कसा आला. मी प्रत्येक बॉल बघितलेला, आणि तरी “हो का?”, “मग?” असं विचारत बसलो होतो. ते इतके खूश होते की मला मान वर करवत नव्हती. मी खरं काय ते त्यांना कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत.

आजचा पाठ आला की मला ती झाकलेली बशी दिसते. माझा वाटा घरात ठेवलेला होता. मी तो सोडून दुसरीकडे टोपली घेऊन गेलो होतो.

याच्या उलट गोष्ट मला पुढे अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर असताना कळली. सँडी कूफॅक्स, लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, त्याच्या काळातला सगळ्यात भारी. १९६५ ची वर्ल्ड सिरीज, पहिला सामना ६ ऑक्टोबरला, आणि नेमका त्याच दिवशी योम किप्पूर. आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत दारफळणीचा सण. कूफॅक्स काही फार कर्मठ नव्हता. पण त्या दिवशी तो खेळला नाही.

ही गोष्ट सांगताना लोक पटकन शेवटाकडे जातात: डॉजर्स जिंकले, देवानं फळ दिलं. पण मधलं वाचा. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल उतरला आणि टीम ८-२ नं हरली. दुसऱ्या दिवशी कूफॅक्स स्वतः उतरला, तोही सामना ५-१ नं गेला. म्हणजे सण पाळला आणि लगेच दोन पराभव! १४ ऑक्टोबरला सातव्या सामन्यात, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर, त्यानं समोरच्यांना एकही रन दिला नाही आणि टीम २-० नं जिंकली. पण त्यानं ६ तारखेला ठरवलं, तेव्हा त्याला १४ तारीख माहीत नव्हती.

आणि आपण तरी कोणाची मुलं? कोकणात आपल्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणायचे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी ठेवणारे ते आपण. गावोगावी एक-दोन घरं, जवळ सिनेगॉग नाही, धर्मग्रंथ नाहीत, शिकवायला कोणी नाही. शमा आठवत होतं आणि शनिवार आठवत होता. त्या दिवशी तेलाला आलेलं गिऱ्हाईक परत जात असेल, तरी घाणा फिरला नाही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं.

म्हणून मला वाटतं, शब्बाथ म्हणजे ‘हे करू नका, ते करू नका’ एवढंच नाही. ‘तुझा वाटा घरात आहे, बस’ असं देव सांगतोय. आपल्याला ते खरं वाटत नाही, म्हणून आपण दर पाच मिनिटांनी फोन बघतो.

मी अजूनही पूर्ण पाळत नाही. ऑन-कॉल असलो की लॅपटॉप उघडावाच लागतो. पण ज्या शनिवारी ड्युटी नसते, त्या दिवशी फोन कपाटात जातो. मॅच असली तरी. संध्याकाळी तीन तारे दिसले, हवदाला झाला, की मुलीला शेजारी बसवून टीव्ही लावतो. ती विचारते, “बाबा, आधी काय झालं?” मी म्हणतो, “मला पण माहीत नाही.” आता हे खरं असतं.

आज विचार करा:
१. काही सुटेल या भीतीनं मी कुठे टोपली घेऊन जातो?
२. घरात माझ्यासाठी कोणी काय झाकून ठेवलंय?

प्रार्थना: हे प्रभू, तू दिलेला वाटा पुरेसा आहे, हे मला ओळखू दे. आमेन.

शब्बाथ शालोम!