साहेबांनाही ॲडमिन नको

कंपनीत नवा माणूस आला की त्याला लॅपटॉप आणि ओळखपत्र मिळायला दोन-तीन दिवस जातात. ऑटोमेशन सॉफ्टवेअरचा ॲडमिन ॲक्सेस मात्र पहिल्याच दुपारी मिळतो. त्याला नेमकं काय काय लागेल याचा विचार करायला तासभर लागतो आणि ‘ॲडमिन’वर टिक करायला क्षणही लागत नाही. शिवाय ‘आपलीच तर माणसं आहेत’ हे पालुपद जोडीला असतंच.

क्लाउडवरच्या यंत्रणा उभ्या करणं आणि बिघडल्या की निस्तरणं हे माझं काम. अशाच एका निस्तरण्याची हकीकत सांगतो. पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, गावोगावच्या शाखा तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर माहिती भरतात. नवी आवृत्ती चढवणं, जुना डेटा साफ करणं ही कामं ॲन्सिबलच्या प्लेबुकांनी व्हायची, आणि ती चालवायला एडब्ल्यूएक्स हा वेब-कन्सोल होता. टेस्टिंगमधली एक मुलगी, नोकरीला वर्षही झालं नव्हतं, रोज चाचणीआधी स्टेजिंगचा डेटाबेस रिकामा करायची. त्यासाठी तयार जॉब टेम्प्लेट होतं. सुरू करताना कोणत्या सर्व्हरांवर चालवायचं ती इन्व्हेंटरी यादीतून निवडायची. यादीत स्टेजिंग आणि प्रॉडक्शन एकाखाली एक. एका दुपारी भलतीच ओळ निवडली गेली.

रात्रीचा बॅकअप दुसऱ्या क्लाउड अकाउंटमध्ये जात होता, म्हणून निभावलं. सकाळपासून शाखांनी भरलेलं सगळं मात्र पुन्हा हाताने भरावं लागलं. मला बोलावलं तेव्हा बैठकीत सगळा रोख त्या मुलीवर होता. लक्ष कुठे होतं, वाचता येत नाही का, वगैरे. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “पण सर, मला त्या यादीत प्रॉडक्शन दिसतच का होतं?”

त्या खोलीत विचारला गेलेला हा एकमेव कामाचा प्रश्न होता. दिसत होतं, कारण तिला ‘सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवलं होतं. तिलाच नाही, कन्सोलवर खातं असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला. एडब्ल्यूएक्समध्ये हे टाळायची पुरेपूर सोय आहे. एखाद्या टेम्प्लेटवर ‘एक्झिक्यूट’ हा रोल दिला की माणूस ते काम सुरू करू शकतो, बदलू शकत नाही. त्यामागचं क्रेडेन्शियल वापरलं जातं, पण त्याला ते पाहता येत नाही. इन्व्हेंटरी निवडायची मुभा ठेवली असेल, तर ज्या इन्व्हेंटरीवर त्याला ‘यूज’ रोल आहे तीच तो वापरू शकतो. त्या मुलीला तीन-चार टेम्प्लेटांवर ‘एक्झिक्यूट’ आणि फक्त स्टेजिंगवर ‘यूज’ दिला असता, तर चुकायला दुसरी ओळच नसती. माझ्या मते तर अशा टेम्प्लेटमध्ये निवडच नको. स्टेजिंगचं टेम्प्लेट वेगळं, त्याची इन्व्हेंटरी कायमची ठरलेली.

म्हणून रोल ठरवताना माणसाचा हुद्दा बाजूला ठेवा आणि त्याच्या दिवसातली क्रियापदं लिहून काढा. ‘चालवते’, ‘लॉग वाचतो’, ‘बदल मंजूर करतो’. तेवढंच द्या. हे ऐकायला सोपं आहे, पण आपल्याकडे ॲक्सेस हा मानाचा भाग झाला आहे. ज्या साहेबांनी वर्षभरात एकदाही लॉगिन केलेलं नसतं, त्यांचं खातं ॲडमिन असतं, कारण हाताखालच्याकडे आहे ते वरच्याकडे नसणं बरं दिसत नाही. असं न वापरलेलं, जुन्या पासवर्डचं, सर्वाधिकारी खातं ही चोरासाठी सर्वांत सोयीची वस्तू. साहेबांना अहवाल बघायचे असतील तर एडब्ल्यूएक्समध्ये ‘सिस्टम ऑडिटर’ आहे, सगळं दिसतं आणि काहीही हलत नाही. ॲझ्युरमध्ये तेच काम ‘रीडर’ करतो. ‘रीडर’वर समाधान न मानणारा डायरेक्टर भेटला तर ॲडमिन खात्यासोबत येणारी रात्रीची ऑन-कॉल पाळीही त्यांच्या नावावर लावू या, असं सुचवावं. बहुतेकांचा आग्रह तिथेच मावळतो.

इथपर्यंतचं काम कंपन्या करतात आणि हात झटकतात. खरी गोम यापुढे आहे. ऑटोमेशन सॉफ्टवेअरमध्ये बटण माणूस दाबतो, पण क्लाउडच्या दारात उभं राहतं ते यंत्राचं क्रेडेन्शियल. या कंपनीत स्टेजिंग आणि प्रॉडक्शनच्या सर्व्हरांना एकच एसएसएच की चालत होती, आणि क्लाउडसाठीच्या कीला एडब्ल्यूएसची ‘ॲडमिनिस्ट्रेटरॲक्सेस’ पॉलिसी लावलेली होती. स्टेजिंगची की वेगळी असती, तर चुकीची ओळ निवडूनही प्रॉडक्शनच्या सर्व्हरांनी दार उघडलं नसतं आणि जॉब लाल होऊन थांबला असता.

सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ साली किमान अधिकाराचं हे तत्त्व मांडलं, तेव्हा त्यात वापरकर्त्याच्याही आधी प्रोग्रॅमचा उल्लेख होता. आपण प्रोग्रॅमला विसरतो. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं २०१९ चं प्रकरण असंच आहे. बँकेच्या क्लाउडमधल्या फायरवॉलच्या सर्व्हरला जो रोल दिला होता, त्याला ग्राहकांच्या माहितीच्या साठ्यांची यादी काढता येत होती आणि ते वाचताही येत होते. फायरवॉलला त्याची गरज काय? हल्लेखोर बाईने त्या सर्व्हरला फसवून त्या रोलची तात्पुरती क्रेडेन्शियल्स काढून घेतली आणि अमेरिका-कॅनडात मिळून दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीचं तर दुकानच बंद झालं. खंडणीखोराच्या हाती तिचं क्लाउड कंट्रोल पॅनल लागलं, आणि बॅकअप बहुतांशी त्याच पॅनलमधून पुसता येण्याजोगे होते. डेटा आणि त्याचा बॅकअप दोन्ही पुसू शकेल अशी एकच की कोणाकडेही, कोणत्याही यंत्राकडे असू नये. माझ्या यादीत हा नियम सर्वांत वर आहे.

आणखी एक वाट असते, ती रोलच्या तक्त्यात दिसतच नाही. प्लेबुक गिटमध्ये राहतात आणि जॉब सुरू होताना एडब्ल्यूएक्स ताजी प्रत ओढून घेतं, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी असते. मग ज्याला त्या मुख्य ब्रँचवर थेट पुश करता येतं, त्याचं कन्सोलवर खातंही नसलं तरी तोच खरा ॲडमिन. तो लिहील ते यंत्र आपल्या पूर्ण अधिकाराने चालवणार. जेनकिन्समध्येही जॉब बदलण्याची परवानगी असलेला माणूस त्या जॉबची क्रेडेन्शियल्स बाहेर काढू शकतो. पडद्यावर ती झाकलेली दिसतात, यावर विसंबू नका. टेराफॉर्मचा ‘प्लॅन’ निरुपद्रवी समजून सगळ्यांना खुला करतात, पण प्लॅन चालतानाही कोड चालतोच, आणि स्टेट फाइलमध्ये डेटाबेसचे पासवर्ड उघड्या अक्षरांत सापडू शकतात. बँकांत मेकर-चेकर असतो तसा इथेही हवा. मुख्य ब्रँच बंद, आणि दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय काही आत जाणार नाही. प्रॉडक्शनच्या प्लेबुकांना वेगळी रिपॉझिटरी दिली तर अधिक बरं.

आता यंत्राचे अधिकार कमी कसे करायचे? अंदाजाने कापू नका. एडब्ल्यूएसमध्ये ॲक्सेस ॲनालायझर हे साधन क्लाउडट्रेलच्या नोंदी वाचून, एखाद्या रोलने प्रत्यक्ष काय काय वापरलं त्यावरून पॉलिसीचा मसुदा बनवून देतं. तो मसुदा सुरुवातीला उत्तम. पण ते जास्तीत जास्त ९० दिवस मागे बघतं, आणि आपल्याकडची काही कामं वर्षातून एकदाच होतात. ऑक्टोबरमध्ये काटछाट करून खूश झालेली टीम ३१ मार्चच्या रात्री वर्षअखेरीचा जॉब परवानगीअभावी अडकलेला बघत बसते. तेव्हा वार्षिक कामांची यादी हिशेब विभागाकडून आधी मागून घ्या. मसुद्यात ‘रिसोर्स’पुढे तारका उरली असेल तर तिथे नेमकी नावं भरा. आणि ‘पासरोल’ ही परवानगी दिसली की थांबा. तिच्यामुळे कमी अधिकाराचा माणूस नवा सर्व्हर सुरू करून त्याला जास्त अधिकाराचा रोल चिकटवू शकतो आणि मग त्या सर्व्हरच्या तोंडून बोलू शकतो. ती द्यावीच लागली, तर ठरावीक रोलांपुरतीच.

हे सगळं करून पाहणाऱ्यांचं घोडं अडतं ते मात्र तंत्रात नाही. रात्री दोन वाजता सेवा बंद पडते, हजर असलेल्या माणसाकडे अधिकार नसतो आणि मंजुरी देणारा झोपलेला असतो. एकदा असं झालं की दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा ॲडमिन होतात, किंवा ॲडमिनचा पासवर्ड टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. म्हणून काटछाट करायच्या आधी आणीबाणीची सोय करा. ऑन-कॉल माणसाला स्वतःच्याच खात्यावर एक-दोन तासांपुरता वाढीव रोल घेता आला पाहिजे, घेतल्याचा संदेश सर्वांना गेला पाहिजे, आणि वेळ संपली की तो आपोआप उतरला पाहिजे. कारण नंतर विचारा. आधी दार उघडू द्या. रोजच्या मागण्यांचंही तसंच. परवानगीच्या अर्जाला तीन दिवस लागत असतील, तर लोक हुशारीने अर्जात सगळंच मागून ठेवतात.

सामायिक लॉगिन मात्र कुठल्याही सबबीवर नको. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. जपलेल्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे नुसतंच ‘admin’ लिहिलेलं असेल, तर ते जपून उपयोग काही नाही.

नोकरी सोडणाऱ्यांची खाती एचआरच्या रेट्याने बंद तरी होतात. टीम बदलणाऱ्यांकडे कोणी पाहत नाही, आणि असा माणूस पाच वर्षांत चार टीमचे अधिकार गोळा करून बसतो. त्यामुळे रोल माणसाला देऊ नका, टीमला द्या. माणूस टीममधून निघाला की रोलही निघाला. वेळापत्रकावर चालणारे जॉब आणि टोकन कोणाच्या वैयक्तिक खात्यावर असतील, तर ते खातं बंद करायला पुढे कोणी धजावत नाही. त्यासाठी सर्व्हिस अकाउंट काढा आणि त्याला जबाबदार एक जिवंत माणूस नेमा.

हे एकाच दिवशी करू नका, शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच. पहिल्यांदा प्रॉडक्शनमध्ये काहीही पुसण्याचा अधिकार काढा, बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये न्या, मग यंत्राच्या की वेगळ्या करा. माणसांचे रोल त्यानंतर, एकेक टीम घेऊन. प्रत्येक टीमच्या प्रमुखाला त्याच्या माणसांची यादी द्या आणि काय काढायचं ते विचारण्याऐवजी काय ठेवायचं तेवढ्यावर सही मागा. सही नसलेलं आपोआप जाईल, हे आधीच मेलवर कळवून ठेवा.