थंडीतली मोठी रात्र

मार्गशीर्ष आणि पौष हे थंडीचे महिने. या दिवसांत सूर्य लवकर मावळतो आणि उशिरा उगवतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेची रात्र वर्षातली सर्वांत मोठी. आपल्या महाराष्ट्रात ती सुमारे १३ तासांची असते. जूनमधली सर्वांत लहान रात्र सुमारे ११ तासांची. पृथ्वी थोडी कललेली आहे. डिसेंबरात तिची उत्तरेची बाजू सूर्यापासून दूर झुकते, म्हणून आपल्याकडे रात्र वाढते.

सुखी माणूस घोंगडी ओढून झोपतो. पण ज्याच्या घरी दुःख आहे त्याने काय करावे? दिवसा पिकाला पाणी द्यायचं असतं, गुरांचं बघायचं असतं. मन कामात गुंतते. रात्री पाठ टेकली की एकेक गोष्ट आठवू लागते. सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न, गेलेलं माणूस. दिवसा तिळाएवढी असलेली काळजी रात्री डोंगराएवढी होते. कोंबडा आरवला तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

तुकाराम महाराजांनीही असे दुःख भोगले. १६३० साली मोठा दुष्काळ पडला. त्यांचा धंदा बुडाला. पहिली बायको अन्नावाचून गेली. मग त्यांनी काय केले? विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त केले. संतांची वचने पाठ केली. दुसरे गात असता मागे उभे राहून ध्रुपद धरले. हे त्यांनीच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. हाताला काम, ओठावर नाम आणि चार माणसांची सोबत, या तिन्हींनी त्यांना सावरले.

आपल्या जुन्या माणसांनाही हे ठाऊक होते. म्हणून कार्तिकात पहाटे देवळात काकडा होतो. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला दत्तजयंती येते. धनुर्मासात बाया पहाटे उठून खिचडी आणि बाजरीची भाकरी करतात, देवाला नैवेद्य दाखवतात. रात्र मोठी, म्हणून देवाची आठवणही मोठी.

आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. एका माउलीचा तरणा मुलगा गेला. ती कोणाशी बोलेना. रात्रभर भिंतीकडे तोंड करून बसायची. आळीतल्या चार बाया जेवणं आटोपून तिच्याकडे जाऊ लागल्या. त्यांतली एक साक्षरता वर्गात नुकतीच वाचायला शिकली होती. ती अक्षरावर बोट ठेवून हरिपाठ वाचायची. अडखळायची, पुन्हा वाचायची. बरेच दिवस असेच गेले. एका रात्री ती एका शब्दावर अडली. तेव्हा भिंतीकडे बसलेल्या माउलीने तो शब्द सांगितला. तिला हरिपाठ लहानपणापासून पाठ होता! त्या रात्रीपासून ती इकडे तोंड करून बसू लागली. दुःख गेले नाही, पण ते वाहायला सोबत मिळाली.

आपणही असेच करू या. जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसू या. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. हरिपाठ वाचा, गाथा वाचा. कोणी बुद्धवंदना म्हणेल, कोणी नमाज पढेल, कोणी येशूची प्रार्थना करील. ज्याची जी श्रद्धा, ती त्याने धरावी. यासाठी खर्च लागत नाही. कर्ज काढून सण करू नका, असे गाडगेबाबा गावोगाव सांगत. हे थोर संत २० डिसेंबर १९५६ रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, आपल्याला सोडून गेले.

एक मात्र विसरू नका. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते मनात ठेवू नका. घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर शेजारच्या घराकडे बघा. तिथं कोणी एकटं बसलं असेल, तर हे पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जा.

सांगा पाहू :
१. डिसेंबरात रात्र मोठी का होते?
२. तुकाराम महाराजांना कोणत्या तीन गोष्टींनी सावरले?
३. माउली इकडे तोंड करून का बसू लागली?
४. तुमच्या आळीत रात्री कोणाला सोबत हवी आहे?