वळिवड्याची पोलिश छावणी

आपल्या नारायण पेठेत एकवार वर्गणी देणारे पुष्कळ. तीच दरसाल देणारे विरळा! युद्धपीडितांची गरज मात्र एका वर्गणीने भागत नाही. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ साली सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, बहुतांशी स्त्रिया व मुले यांची, छावणी वसली. रशियातील हद्दपारीतून सुटून ते इराणमार्गे आले होते. शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर उभे राहिले. खर्च लंडनस्थित पोलिश सरकार सोशी. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. युरोपातील युद्ध थांबले, तरी मुलांची भूक थोडीच थांबते? शिवाय पूर्व पोलंड रशियाने घेतल्याने पुष्कळांस परतावयास घर नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार उचलला, तेव्हा छावणी १९४८ पर्यंत टिकली.