निळ्या उजेडात पारखलेला कॅमेरा

दुकानात कॅमेरा बघताना आपण काय करतो? काउंटरवरून तो रस्त्याकडे धरतो, एखाद्या गिऱ्हाइकाचा चेहरा टिपतो, मागच्या पडद्यावर तो मोठा करून बघतो आणि खूश होतो. भर दुपारच्या उजेडात कुठलाही कॅमेरा चांगलाच फोटो देतो. पण ज्याला घरातल्या खाऱ्या टाकीचे, प्रवाळाचे फोटो काढायचे आहेत, त्याच्यासाठी ही परीक्षा निरुपयोगी आहे. टाकीवरचा उजेड निळा असतो. पहिला कॅमेरा त्या निळ्या उजेडात पारखल्याशिवाय घेऊ नका, एवढ्या एका सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबात समुद्राची टाकी म्हटलं की लोकांना नवल वाटतं. आमच्या गावाला पाण्याचं कौतुक तसं जुनं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि तिथल्या कुंडाचं पाणी काही वर्षांनी चढून देवाच्या पायाला लागतं, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. दर्शनाला आलेले पाहुणे नंतर आमच्या घरी टाकी बघायला येतात. तीन फुटांची काच, आरओच्या पाण्यात कालवलेलं सागरी मीठ, क्लाउनफिशची जोडी, मश्रूम आणि झोअँथिड ही मऊ प्रवाळं. दगडी प्रवाळ एकही नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. २००१ पासून भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी ‘बिल देतो’ म्हणत समोर ठेवली तरी हात लावू नये. ती समुद्रात जाऊन बघावीत. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य आपल्याच राज्यात आहे.

टाकी लागली की फोटोची हौस येते. माझीही आली, आणि नागपूरच्या एका दुकानात मी गेलो. मला टाकीचे फोटो काढायचे आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. विक्रेत्याने ‘दोन लेन्सचा सेट’ पुढे केला, वर बॅग आणि मेमरी कार्ड फुकट. “भाऊ, मोठी झूम आहे, मासा पार जवळ येते,” असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. निळ्या दिव्यांचं विचारलं, तर ‘ऑटोमध्ये सगळं बरोबर होतं’ हे उत्तर. घरी आल्यावर कळलं की ती मोठी लेन्स काचेपासून मीटरभर मागे गेल्याशिवाय फोकसच धरत नाही. आमच्या खोलीत टाकीसमोर तेवढी जागाच नाही. पुढे कॅमेऱ्याचा पडदा बंद पडला, तेव्हा सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. तो कॅमेरा कंपनीने भारतात विकलेलाच नव्हता, कुठून तरी बाहेरून आणलेला होता, आणि बिलावर सीरियल नंबर लिहिलेला नव्हता. दुकानदाराने फोन उचलणं सोडलं. म्हणून सांगतो, बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हींचे नंबर लिहून घ्या आणि ते खोक्यावरच्या नंबरांशी तिथेच ताडून पाहा. दुकानदार कुरकुर करत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आता निळ्याकडे येऊ. सगळी गोम तिथेच आहे. प्रवाळाच्या एलइडीचा मुख्य जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. झोअँथिडच्या अंगातली प्रथिनं हा निळा उजेड शोषून घेतात आणि हिरवा, केशरी उजेड बाहेर टाकतात. डोळ्याला ती झळाळी दिसते, कारण आपली नजर निळ्याला चटकन सरावते. कॅमेऱ्याचा सेन्सर सरावत नाही. त्याच्या दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. या उजेडात निळा ठिपका काठोकाठ भरून वाहू लागतो आणि लाल जवळजवळ उपाशी राहतो. माझा भाचा पहिला फोटो बघून म्हणाला, “मामा, हे असं शाईत बुडवल्यावानी काहून दिसते?” त्याने अगदी बरोबर पाहिलं होतं. निळा ठिपका एकदा भरला की त्या जागची बारीक नक्षी गेली. नंतर कितीही रंग बदला, ती परत येत नाही.

यावर तीन गोष्टी कामी येतात, आणि कॅमेरा घेताना त्या तिन्ही त्यात आहेत की नाहीत एवढंच आधी बघायचं. पहिली, कॅमेरा रॉ फाइल देतो का? जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रंग ठरवून बाकीची माहिती टाकून देतो, रॉमध्ये ती हाताशी राहते. दुसरी, पांढऱ्याचा ताळा, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हाताने बसवता येतो का? केल्विनचा आकडा टाकायची सोय असली तरी ती बहुतेक १०,००० च्या आसपास संपते आणि टाकीचा दिवा त्याच्या कितीतरी पुढचा असतो. स्वस्तातल्या बऱ्याच बॉडींत तर हा आकडा टाकताच येत नाही, पण पांढरी वस्तू दाखवून ताळा बसवता येतो. मी पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा पाण्यात, प्रवाळाच्या शेजारी धरून तो बसवतो. तिसरी, लेन्सपुढे केशरी-पिवळा फिल्टर लावता येईल का? तो जादा निळं अडवतो आणि प्रवाळाची स्वतःची झळाळी आत येऊ देतो. माझ्या मते या छंदात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू हीच.

म्हणून दुकानात जाताना खिशात निळा एलइडी टॉर्च आणि दहाचं नाणं ठेवा. काउंटरखालच्या अंधाऱ्या जागी नाणं ठेवायचं, त्यावर निळा झोत टाकायचा, ताळा बसवून एक रॉ फोटो घ्यायचा आणि कार्ड घरी आणून बघायचं. ज्याला हे करू द्यायचं नाही त्याच्याकडून कॅमेरा घ्यायचा नाही.

नाणं लेन्सची परीक्षाही घेतं. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, आणि एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २२ ते २३.५ मिलिमीटर. खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे एकास एक, सर्वांत जवळ नेली की नाणं चौकटीत मावत नाही, कडा बाहेर जातात. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स साधारण एक-तृतीयांशापर्यंतच पोचते, त्यामुळे नाण्याच्या चहूबाजूंनी मोकळी जागा उरते. आता झोअँथिडचं एक तोंड सेंटिमीटरभर असतं असं धरा. १८-५५ मध्ये ते चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढं दिसेल, मॅक्रोत जवळजवळ निम्मी चौकट भरेल. मधल्या चकतीवरच्या रेघा, कडेच्या झालरीचं एकेक टोक वेगळं दिसणं, हे सगळं त्या फरकात आहे.

मग घ्यायचं काय? पैसे बेताचे असतील तर वापरलेली बॉडी आणि वापरलेली मॅक्रो लेन्स, हाच माझा सल्ला. २०१७ चा कॅनन २००डी मला टाकीसाठी आवडतो, कारण त्याचा पडदा बाहेर वळतो आणि पडद्यावर बघून केलेला फोकस चपळ आहे. खालच्या कप्प्यातल्या दगडाचा फोटो काढताना गुडघ्यावर रांगावं लागत नाही. निकॉनमध्ये डी५३०० चा पडदाही वळतो. या निकॉन बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे बिनमोटरची जुनी मॅक्रो लेन्स तिच्यावर हातानेच फिरवावी लागते. लग्नाचे फोटो काढताना ही अडचण असेल. दगडाला चिकटलेल्या प्रवाळापुढे घाई कशाची? उलट अशी लेन्स स्वस्तात मिळते. तेवढेही पैसे नसतील तर १८-५५ च्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा, मात्र तिच्यावर विजेचे संपर्कबिंदू हवेत. आणि घरात रॉ देणारा मोबाइल असेल तर पहिलं वर्ष मोबाइल आणि पिवळा फिल्टर यांवरच काढा. त्यात कमीपणा नाही.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलच्या टॉर्चचा उजेड मागून आत टाकून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घरात आणू नका. टाकीच्या खोलीत वर्षभर दमट हवा असते, पावसाळ्यात तर विचारूच नका. कॅमेरा दुसऱ्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा. टाकीच्या झाकणावर तो क्षणभरही ठेवायचा नाही. फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडालेले खारे थेंब बटणांत शिरतात आणि वाळले की मीठ मागे ठेवतात.

खर्चाचा क्रमही सांगून ठेवतो. आधी आरओ, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि इन्व्हर्टर, कॅमेरा त्यानंतर. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. प्रवाळाला २५ ते २७ अंश लागतात. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, क्षारता चढते. भर दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर फोटो काढायला काही उरणार नाही. पाणी गार ठेवणाऱ्या चिलरचे पैसे कॅमेऱ्याकडे वळवलेल्या एकाची टाकी मी पाहिली आहे, त्या माणसाकडे आता छान कॅमेरा आहे आणि टाकीत फक्त दगड.

फोटो काढताना खोलीतले दिवे बंद, काच आतून-बाहेरून स्वच्छ, आणि लेन्स काचेला अगदी काटकोनात. जरा तिरकी धरली की पाणी आणि काच किरण वाकवतात, कडांना रंगीत झालर येते आणि चित्र मऊ पडतं. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद करून तरंगणारा कचरा बसू द्यावा. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, एफ ८ ते ११, आणि शटर १/१२५ च्या आसपास. माशासाठी शटर १/२५० करावं, पण काही एलइडींखाली त्यापुढे आडव्या पट्ट्या उमटतात, हे आपल्या दिव्याखाली तपासून घ्यावं. पंप बंद करतानाच मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. गजर वाजला की फोटो अर्धवट असला तरी आधी पंप सुरू करा.